शेवटच्या पानावरचा बाप्तिस्मा

माझ्या गोष्टीतला मुलगा शेवटी बाप्तिस्मा घेत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, नाहीतर लोक आशेनं शेवटपर्यंत वाचतात आणि मग मला रस्त्यात गाठतात. मला गाठणं सोपं आहे. छावणीतलं आमचं चर्च आणि माझं घर यांच्यामध्ये एकच गल्ली आहे, आणि माझी स्कूटर चार लाथा खाल्ल्याशिवाय सुरू होत नाही. तेवढ्या वेळात माणूस बोलून मोकळा होतो.

मी शब्बाथ शाळेत शिकवतो. रविवारी सकाळी मोठी माणसं चर्चमध्ये उपासनेला बसली की पोरांना मागच्या खोलीत नेऊन गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणून घ्यायची, ती शब्बाथ शाळा. या गोष्टीला वीस वर्षांच्या वर झाली. काम सोपवताना मला सांगितलं होतं, कुणीतरी चांगला माणूस मिळेपर्यंत सांभाळ. शोध अजून चालू असावा.

इतक्या वर्षांत मी पोरांना जी पुस्तकं वाचून दाखवली त्यांत गोष्ट एकच होती, मुखपृष्ठं तेवढी वेगळी. एक विश्वासू मुलगा असतो. तो कधी खोटं बोलत नाही आणि त्याच्या शर्टाला कायम इस्त्री असते. त्याला एक मित्र असतो. मित्र शिव्या देतो, पेरू चोरतो, केस विंचरत नाही. विश्वासू मुलगा त्याला येशूबद्दल सांगतो. मित्र हसतो. मग मित्राला ताप येतो. ताप नेहमी बाराव्या पानाच्या आसपास येतो. चौदाव्या पानावर प्रार्थना, पंधराव्यावर ताप उतरला, आणि सोळाव्या पानावर मित्र इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून चर्चमध्ये उभा. एकदा मी वाचता वाचता पाणी प्यायला थांबलो, तर मागच्या बाकावरची एक पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, आला का ताप?"

मी पान बघितलं. बारावं होतं.

गैरसमज नको. मी येशूवर विश्वास ठेवतो. या पोरांनीही ठेवावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून तर रविवारची झोप सोडतो. पण आमच्या खोलीतल्या पोरांचे मित्र त्या पुस्तकांतल्यासारखे नाहीत. सोमवार ते शनिवार ती ज्यांच्याबरोबर डबा खातात त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, आणि त्यांच्यातले बरेचसे आमच्या पोरांपेक्षा गुणी आहेत. केसही विंचरतात. अशा मित्राशी येशूबद्दल बोलायचं कसं, आणि तो सगळं ऐकून 'बरं' म्हणाला आणि पतंग उडवायला निघून गेला तर पुढं काय करायचं, हे एकाही पुस्तकात नव्हतं.

म्हणून मागच्या वर्षी, नाताळात मुलांना द्यायला मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, एक छोटं पुस्तक छापायचं ठरवलं आणि लिहायला मला सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. पन्नाशी उलटल्यावरचं पहिलं पुस्तक. एक ओळ लिहायच्या आधी मी मुखपृष्ठावर माझं नाव केवढ्या अक्षरात असावं ते ठरवून टाकलं. पुस्तकाच्या नावापेक्षा किंचित लहान, असं ठरलं. नम्रता म्हणून.

गोष्ट मात्र नवी रचली नाही. घडलेलीच लिहिली. ती अशी.

आम्ही दहा वर्षांचे होतो. आमच्या शब्बाथ शाळेच्या बाई म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. इंजेक्शनच्या आधी ज्या आवाजात 'काही दुखणार नाही' म्हणतात त्याच आवाजात त्या आम्हाला बायबलमधली वचनं पाठ करायला द्यायच्या. एका रविवारी त्यांनी सांगितलं, या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या एका मित्राला साक्ष द्यायची. जो देईल त्याला रंगीत कार्ड.

चर्चमध्ये वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला साक्ष म्हणजे काय ते ठाऊक असतं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते दुसऱ्याला सांगायचं, ती साक्ष. मीही चर्चमध्येच वाढत होतो. पण माझे बाबा कोर्टात पट्टेवाले होते. दिवसभर व्हरांड्यात उभं राहून साक्षीदारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे आमच्या घरात या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो रोज संध्याकाळी भाकरीबरोबर ताटात पडायचा. आज कोण फुटला, कोण घाबरला, कुणाला वकिलानं घोळात घेतलं.

मी बाबांना विचारलं, साक्ष कशी देतात. त्यांना वाटलं, पोरगं बापाच्या कामात लक्ष घालायला लागलं. जेवण सोडून ते उभे राहिले, हात मांड्यांना चिकटवले आणि म्हणाले, "ताठ उभं राहायचं. आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही. आणि स्वतःला वाचवायला बघायचं नाही. साक्षीदार तिथंच फुटतो."

मग परत बसले आणि थंड झालेली भाकरी खाल्ली.

आता माझा मित्र. तो बौद्ध घरातला. त्याचे वडील छावणीच्या बाजारात शिवणकाम करायचे. आमच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांचे नाताळचे कपडे त्यांच्या मशीनवरून यायचे, त्यामुळे नाताळ आला की माझ्या मित्राला माझ्यापेक्षा जास्त काम असायचं. मी कॅरल गात हिंडायचो आणि तो बटणं लावत बसायचा. गोष्टीतल्या विश्वासू मुलाचा तो इस्त्रीचा शर्ट असतो ना, तो आमच्याकडं त्याच्या घरातून यायचा.

आमच्या शाळेत घंटा म्हणजे लिंबाच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवायला एक लोखंडी दांडा होता. त्या आठवड्यात गणिताची चाचणी होती. तिच्या आधी चित्रकलेचा तास. दांडाच नसेल तर घंटा नाही, घंटा नाही तर चित्रकला संपणार नाही, आणि चित्रकला संपली नाही तर गणित सुरू कसं होईल, असा तो सगळा हिशेब. माझा मित्र पाण्याच्या टाकीवर चढला आणि दांडा आत सोडून दिला. मी बाभळीखाली उभा राहून कुणी येतंय का ते बघत होतो. गणिताच्या सरांच्या हातात घड्याळ असतं, हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. चाचणी वेळेवर झाली. फक्त दोन दिवस सगळ्या शाळेनं गंजाच्या चवीचं पाणी प्यायलं.

प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी विचारलं, हे कुणी केलं. सगळे गप्प. त्या शांततेत मला बाई आठवल्या, बाबा आठवले, कार्डही आठवलं. मी रांगेतून बाहेर आलो, ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, मला साक्ष द्यायची आहे."

हेडसरांनी आयुष्यात असं वाक्य ऐकलं नसावं. ते म्हणाले, "दे."

मी दिली. टाकीवर कोण चढलं ते सांगितलं, खाली कोण उभं होतं तेही सांगितलं. मित्राला सहा छड्या, मला चार. खरं बोलल्याची दोन माफ.

तळहात चोळत आम्ही वर्गाकडं निघालो तेव्हा तो म्हणाला, "येड्या, तुला कुणी विचारलं होतं का?"

मी सांगितलं, साक्ष द्यायचीच होती, बाईंनी सांगितलं होतं, येशूसाठी.

तो चालता चालता थांबला. "तुझ्या येशूला आमच्या दांड्याचं काय करायचंय?"

पुढच्या रविवारी बाईंनी विचारलं, कुणी कुणी साक्ष दिली. सगळ्या खोलीत माझा एकट्याचा हात वर, आणि तोही सुजलेला. बाईंना फार आनंद झाला. त्यांनी मला पुढं बोलावलं आणि विचारलं, मित्रावर काय परिणाम झाला.

"रडला, बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि तू?"

"मी पण रडलो."

"कुठं रे, बाळा? कुठं बसला होतात तुम्ही?"

"हेडसरांच्या खोलीत."

आमच्याच शाळेतली एक पोरगी शब्बाथ शाळेतही होती. तिनं उरलेलं सगळं सांगितलं, आणि तिचंही साक्ष देण्याचं कसब माझ्यापेक्षा कमी नव्हतं. बाई खुर्चीत बसल्या. तोंडावर पदर धरून त्या इतका वेळ हलत होत्या की आम्हाला वाटलं त्याही रडतायत. मग त्यांनी डोळे पुसले, टेबलाचा खण उघडला, त्यातलं रंगीत कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, हे त्याला नेऊन दे, मार त्यानं जास्त खाल्लाय.

कार्डावर मेंढपाळाचं चित्र होतं, खांद्यावर कोकरू घेतलेलं. मी ते घेऊन त्याच्याकडं गेलो आणि माफी मागता येईना म्हणून चित्रातली गोष्ट सांगायला लागलो. शंभर मेंढ्या असतात. एक हरवते. तो नव्व्याण्णव सोडून त्या एकीला शोधायला जातो. खरं तर हीच माझी पहिली खरी साक्ष, पण तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं मी विषय बदलतोय.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडल्या?"

मला माहीत नव्हतं.

"लांडगा आला असता म्हणजे?"

तेही माहीत नव्हतं. मी म्हणालो, असं विचारायचं नसतं. तो म्हणाला, आमच्या घरात विचारल्याशिवाय काय मानत नाय. त्याच्या वडिलांनी मशीन थांबवून कार्ड हातात घेतलं, दूर धरून बघितलं, आणि चित्र चांगलंय पण मेंढपाळाचा झगा खांद्यात उतरलाय, असा निकाल दिला. मग आम्ही दोघं बाहेरच्या भिंतीवर जाऊन बसलो आणि त्या नव्व्याण्णव मेंढ्यांचं काय झालं असेल यावर डोकं चालवत राहिलो. कुत्रं असेल, असं त्याचं मत पडलं. माझं मत पडलं, भाऊ असेल.

माझी गोष्ट इथं संपत होती. दोन पोरं भिंतीवर बसलीयत, मध्ये कार्ड, आणि उत्तर मिळालेलं नाही.

पुस्तकाचं बघायला मंडळीतर्फे दोघं होते. एक सेक्रेटरीसाहेब. ते दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेत आणि अजूनही समोरच्याशी ट्रंककॉल लावल्यासारखे बोलतात. ताप आला का विचारणारी ती पोरगी त्यांचीच नात. दुसरे चर्चमधली उपासना चालवणारे आमचे पाळकसाहेब, तरुण, नवीनच बदलून आलेले, सभ्य माणूस. दोघांनी गोष्ट वाचली होती आणि दोघांना ती आवडली होती. फक्त शेवटचं पान सोडून.

सेक्रेटरीसाहेबांचं म्हणणं, ही काय गोष्ट झाली. मार खाल्ला, कार्ड दिलं, आणि पोरगा होता तिथंच राहिला. "शेवटी कुणाचं तरी परिवर्तन झालं पाहिजे. त्या मित्राला बाप्तिस्मा द्या. एका पानाचं काम आहे."

पाळकसाहेबांचं म्हणणं नेमकं उलटं. दिवस नाजूक आहेत, पुस्तक कुणाच्या हातात पडेल आणि त्याचा काय अर्थ काढला जाईल सांगता येत नाही. तेव्हा येशूचं नावच जरा मागं घेऊ. साक्षीऐवजी चांगलं वागणं म्हणू, मेंढपाळाऐवजी एखादा शेतकरी घेऊ.

"मग ते नागरिकशास्त्राचं पुस्तक होईल," सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

मी खूश होऊन ऐकत होतो. मला वाटलं, दोघं एकमेकांना खोडून काढतील आणि माझं पान वाचेल. पण सभ्य माणसं भांडत नाहीत, मधला मार्ग काढतात. तासाभरानं त्यांचं ठरलं. मित्राला पाण्यात उभं करायचं, पण का उभा आहे ते लिहायचं नाही. 'त्या दिवशी तो नवा झाला,' एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळेल, ज्याला कळायला नको त्याला कळणार नाही.

आता इथं मी टेबलावर हात आपटला असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण मी म्हणालो, बघतो. आणि घरी जाऊन ते पान लिहिलं. मला पुस्तक हवं होतं. मुखपृष्ठावरची ती अक्षरं हवी होती.

लिहिलंही असं की विचारू नका. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला पाळक वाटीतलं पाणी कपाळावर शिंपडतात, तेवढ्यात भागतं. मी तळं आणलं. त्यात कमळं सोडली. पूर्वेकडून कोवळं ऊन आणलं. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या शहरात मी गळ्याइतकं पाणी भरलं आणि त्यात माझ्या मित्राला उभं केलं. शेवटची ओळ लिहिताना मला रडू आलं. स्वतःच्या लिखाणावर मी सहज रडतो.

ते सगळं घेऊन शनिवारी दुपारी मित्राकडं गेलो. तो आता पाचोडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. शनिवारची अर्धी शाळा करून नुकताच आला होता. वहिनींनी चहा ठेवला. मी म्हणालो, आपल्या दांड्याची गोष्ट छापून येतेय, एकदा नजरेखालून घाल. त्यानं खिशाचं लाल पेन काढलं. मास्तरला पेनाशिवाय वाचता येत नाही.

छड्यांपाशी तो हसला. वडिलांच्या मशीनपाशी त्यानं पेन खाली ठेवलं. मग शेवटचं पान आलं. त्यानं पहिल्याच ओळीखाली रेघ मारली.

"ऊन पूर्वेकडून येतंय आणि सावली पण पूर्वेकडंच पडलीय."

मी म्हणालो, दुरुस्त करतो.

तो वाचत राहिला. शेवटपर्यंत वाचलं, परत वर गेला, परत वाचलं. "लिहिलंय लई भारी. पण पाण्यात उभा हाय तो पोरगा कोण?"

"तू."

"मी? कधी?"

मी म्हणालो, गोष्ट आहे बाबा, गोष्टीत चालतं.

"माझा आजा नागपूरला जाऊन आला होता. आमच्या घरातलं हे काम झालेलं हाय." तो हसत होता. मग हसणं थांबलं आणि त्यानं पेनाला टोपण लावलं. "ऐक. तू मला भर शाळेत मार खायला लावला होतास. तरी मी दुसऱ्या दिवशी तुझ्या डब्यातलं खाल्लं. का? तू खरं बोलला होतास म्हणून. म्हणजे, बरंचसं खरं. हे खोटं हाय."

मी ते पान उलटं करून ठेवलं.

"छापायचं तर छाप. मी काय तुझ्यावर केस नाय करणार. पण मग हा पोरगा माझा कुणी लागत नाय. आणि हा विश्वासू पोरगा तुझा पण कुणी लागत नाय."

चहा आला. आम्ही क्रिकेटवर बोललो. पण त्याचं ते 'बरंचसं' माझ्या कानात बसलं होतं. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं होतं, म्हणूनच मी बोललो नाही. परत येताना स्कूटरला चारऐवजी सहा लाथा लागल्या.

आठवड्याच्या मध्ये मी त्या दोघांना भेटलो. ताठ उभा राहिलो. डावा गुडघा कुरकुरला, पण राहिलो. म्हणालो, बाप्तिस्म्याचं पान मी फाडलंय. आणि येशूचं नाव आहे तिथंच राहील, एकही मागं घेणार नाही. माझ्या मित्रानं बाप्तिस्मा घेतलेला मी पाहिलेला नाही, आणि येशूबद्दल मी त्याला सांगितलं हे मी नाकारणार नाही. दोन्हीकडून खोटं बोलायला मला सांगू नका, एकीकडून बोलतानाच मला पकडलंय.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, मग हे पुस्तक मंडळीचं नाही.

"नसू दे."

"शब्बाथ शाळेचाही विचार करावा लागेल आम्हाला."

"करा. पण या रविवारी वर्ग माझा आहे आणि मी हीच गोष्ट सांगणार आहे. या ऐकायला. बाक लहान आहेत, तेवढं सांभाळा."

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, मुलांनी विचारलं की मित्र शेवटी येशूकडं आला का, तर काय सांगाल. मी म्हणालो, पाहिलंय तेवढंच सांगेन. त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुखपृष्ठावरची अक्षरं गेली, हे गल्लीत आल्यावर माझ्या लक्षात आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मित्राला फोन लावला आणि म्हणालो, रविवारी साक्षीदार म्हणून हजर राहा. तो म्हणाला, समन्स पाठव.

आला मात्र. हेल्मेट मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसला. त्याच्या शेजारी सेक्रेटरीसाहेब, पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकलेले. मी वाचायला लागलो. साक्ष, दांडा, टाकी, छड्या. पोरं खिदळत होती. हेडसरांच्या खोलीपाशी तर एकाला ठसका लागला. मेंढ्यांच्या प्रश्नावर मी कागद मिटले.

सेक्रेटरीसाहेबांची नात म्हणाली, "सर, ताप नाही आला?"

"नाही."

तिला ते पटलं असावं. तिनं मागं वळून हेल्मेटकडं बघितलं. "तुम्ही ते मित्र का?"

"व्हय."

"मग तुम्ही येशूला मानता का?"

सेक्रेटरीसाहेबांनी गुडघे खाली घेतले. माझा मित्र उठून उभा राहिला. उभं राहायचं कारण नव्हतं, पण माझ्या बाबांची ती गोष्ट त्यानं नुकतीच वाचली होती.

"मी बुद्धाला मानतो, बाळा. पण पाहिलं तेवढं सांगतो. ह्या तुझ्या सरानं येशूसाठी सगळ्या शाळेसमोर उभं राहून मला मार खायला लावला आणि स्वतः पण खाल्ला. येडा होता. पण मला आवडलं ते."

आमच्या खोलीत गेल्या वीस वर्षांत कुणी दिलेली ही सगळ्यात चांगली साक्ष, आणि ती देणारा माणूस ख्रिस्ती नाही. मी हे सेक्रेटरीसाहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणणारच होतो. तेवढ्यात त्या पोरीनं दुसरा प्रश्न विचारला.

"दांडा लपवायचं कुणी ठरवलं होतं?"

माझा मित्र माझ्याकडं बघत राहिला. चाळीस वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, हेडसरांना नाही, वडिलांना नाही, मलासुद्धा कधी ऐकवलं नव्हतं. तो म्हणाला, "ते सरांना विचार," आणि खाली बसला.

त्याला गणित चांगलं यायचं. चाचणीची भीती मला होती. घंटा, चित्रकला आणि गणित यांचा तो सगळा हिशेब माझ्या डोक्यातून निघाला होता. चढायला मला भीती वाटत होती म्हणून तो चढला. हेडसरांसमोर मी टाकीवर कोण होतं ते सांगितलं, खाली कोण होतं ते सांगितलं, आणि तिथंच थांबलो. कुणी पुढं विचारलं नाही. स्वतःला वाचवायला बघायचं नाही, हे बाबांनी शिकवलेलं तिसरं कलम मी रांगेतून बाहेर येताना विसरलो होतो, आणि नंतर जन्मभर विसरून राहिलो. गोष्ट लिहितानाही विसरलो. मित्राला खोट्या बाप्तिस्म्यातून वाचवणारा शूर लेखक म्हणून मी चार दिवस गल्लीत हिंडत होतो, आणि माझ्या स्वतःच्या पानावर हे नव्हतं.

"मी ठरवलं होतं," मी म्हणालो.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मागून सेक्रेटरीसाहेबांचा आवाज आला, त्यांच्या मानानं बराच हळू, म्हणजे उपासनेपर्यंत गेला असेल इतका. "म्हणजे हेडसरांना तुम्ही अर्धीच साक्ष दिली?"

"हो. आणि मार त्यानं जास्त खाल्ला."

"हे पुस्तकात नाही."

"येईल."

त्यांनी बाकातून स्वतःला सोडवलं. उभे राहून पँट झटकली. "मग झालं की परिवर्तन," म्हणाले. मी म्हणालो, झालं, पण तुम्हाला ज्याचं हवं होतं त्याचं नाही. ते नातीचा हात धरून गेले.

पुस्तक मंडळीनं छापलं नाही. मी बाजारात झेरॉक्स काढून मधोमध पिना मारल्या. मुखपृष्ठावर कुणाचंच नाव नाही, ना मंडळीचं, ना माझं. शेवटच्या पानावर एक मुलगा चाळीस वर्षांनी सगळ्यांसमोर उभा राहून उरलेलं सांगतो, आणि तो मुलगा म्हणजे शर्टाला इस्त्री असलेला. नाताळात पोरांनी ते नेलं. सेक्रेटरीसाहेबांच्या नातीनं दोन नेली. दुसरं कुणासाठी, विचारलं नाही.

वर्ग अजून माझ्याकडंच आहे. चांगल्या माणसाचा शोध चालू आहे.

त्या नव्व्याण्णव मेंढ्यांचं उत्तर आम्हाला मिळालेलं नाही. भूगोलाच्या मास्तरचं अजूनही मत आहे की कुत्रं असणार. तो बुद्धाला मानतो, मी येशूला मानतो, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला सोडून पुढं गेलेला नाही. ज्याला ही गोष्ट अपुरी वाटते त्यानं आपली लिहावी. बाराव्या पानावर ताप आणावा, हवं तेवढं पाणी भरावं, फक्त सावली पश्चिमेकडं पडू द्यावी. माझ्या गोष्टीतला मुलगा बाप्तिस्मा घेत नाही. मी तसं पाहिलेलं नाही. यावर कुणाला बोलायचं असेल तर मी गल्लीतच असतो. स्कूटर अजून तशीच आहे.